पदवी ते रोजगार : पदवीधरांची कार्यक्षेत्रे आणि मधल्या प्रतीक्षेचा प्रश्न

कोणत्याही देशाची खरी संपत्ती म्हणजे तेथील सुशिक्षित मनुष्यबळ होय. भारतात उच्च शिक्षणाचा विस्तार गेल्या दोन दशकांत झपाट्याने झाला. केंद्र शासनाच्या उच्च शिक्षणविषयक अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या ३.४२ कोटी होती. २०२१-२२ मध्ये ती ४.३३ कोटींवर पोहोचली. त्यात मुलींची संख्या २.०७ कोटी होती. त्याच वर्षी सुमारे १.०७ कोटी विद्यार्थी विविध अभ्यासक्रमांतून उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. त्यांतील अनेक जण आपल्या घराण्यातील पहिले पदवीधर आहेत. त्यांच्या शिक्षणासाठी कोठे शेतीचा तुकडा गहाण पडला आहे, तर कोठे धाकट्या भावंडाचे शिक्षण थांबले आहे. म्हणूनच हे पदवीधर पुढे कोणत्या क्षेत्रांत जातात आणि तेथे पोहोचेपर्यंत त्यांची किती वर्षे खर्ची पडतात, हा प्रश्न केवळ व्यक्तीचा न राहता राष्ट्रीय नियोजनाचा विषय ठरतो.

पार्श्वभूमी

१८५७ साली मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा समावेश होता. रानडे पुढे न्यायखात्यात गेले, तर भांडारकरांनी अध्यापन आणि संशोधन हे क्षेत्र निवडले. सरकारी नोकरी, वकिली आणि शिक्षकी पेशा या तीन वाटा तेव्हापासून पदवीधरांच्या स्वाभाविक वाटा मानल्या गेल्या. पदवीधर मोजके होते आणि जागा त्या मानाने पुरेशा होत्या, तोवर हे गणित जमत होते. स्वातंत्र्योत्तर काळात महाविद्यालये तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली, पदवीधरांची संख्या अनेक पटींनी वाढली. मात्र पदवीकडून असलेली समाजाची अपेक्षा जवळजवळ पूर्वीचीच राहिली. कोठारी आयोगाने १९६६ मधील आपल्या अहवालात कार्यानुभव आणि व्यवसायशिक्षण यांवर भर दिला होता. शालेय वेळापत्रकात कार्यानुभवाला स्थान मिळाले, तरी महाविद्यालयीन शिक्षणात तो विचार दीर्घकाळ बाजूलाच पडला.

आज पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३४ टक्के विद्यार्थी कला शाखेत आहेत. विज्ञान शाखेत सुमारे १५ टक्के, वाणिज्य शाखेत १३ टक्के, तर अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान शाखेत सुमारे १२ टक्के विद्यार्थी आहेत. अभियांत्रिकी, वैद्यक किंवा शुश्रूषा या पदव्यांना ठरावीक व्यवसाय जोडलेला असतो. कला, विज्ञान आणि वाणिज्य या सर्वसाधारण पदव्यांना तसा तो नसतो. बहुसंख्य पदवीधरांचा प्रश्न नेमका येथून सुरू होतो.

अधिक शिक्षण, अधिक बेरोजगारी

नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२२-२३ मध्ये १५ वर्षे व त्यावरील वयोगटातील बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता. पदवीधरांमध्ये मात्र तो १३.४ टक्के होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतातील रोजगारविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांमधील बेरोजगारी २९.१ टक्के होती, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ती ३.४ टक्के होती.

या आकड्यांवरून शिक्षण निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. निरक्षर तरुणाला काम नाकारून थांबणे परवडत नाही. मिळेल ती मजुरी त्याला पत्करावीच लागते. पदवीधर तरुण कुटुंबाच्या आधारावर योग्य कामाची वाट पाहू शकतो. म्हणजेच पदवीधरांची बेरोजगारी हा पुष्कळ अंशी प्रतीक्षेचा काळ आहे. ही प्रतीक्षा काही महिन्यांची असेल तर ती समजण्यासारखी असते. ती पाच-सात वर्षे लांबली की कौशल्य गंजते, वय निघून जाते आणि कुटुंबाची गुंतवणूक वाया जाते. ही प्रतीक्षा कोठे आणि का लांबते, हे पाहण्यासाठी प्रमुख कार्यक्षेत्रांचा क्रमाने विचार करणे उचित ठरेल.

शासकीय सेवा

स्थैर्य, निश्चित वेतन आणि सामाजिक प्रतिष्ठा यांमुळे शासकीय सेवेचे आकर्षण आजही सर्वाधिक आहे. तथापि तेथील दार अत्यंत अरुंद आहे. केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत केंद्रीय नोकऱ्यांसाठी २२.०५ कोटी अर्ज आले आणि ७.२२ लाख उमेदवारांची नियुक्तीसाठी शिफारस झाली. एकच उमेदवार अनेक परीक्षांना अर्ज करतो हे लक्षात घेतले, तरी दर तीनशे अर्जांमागे एक निवड हे प्रमाण पुरेसे बोलके आहे. २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०.१६ लाखांहून अधिक अर्ज आले, सुमारे ५.९२ लाख उमेदवारांनी पूर्वपरीक्षा दिली आणि अखेर १,०१६ जणांची शिफारस झाली.

दिल्लीतील मुखर्जी नगर, पुण्यातील सदाशिव पेठ, तसेच प्रयागराज आणि पाटणा येथील अभ्यासिका या प्रतीक्षेची साक्ष देतात. गावाकडून दरमहा येणाऱ्या पैशावर, सामायिक खोलीत राहून, खाणावळीचा डबा घेऊन तरुण तेथे वर्षानुवर्षे तयारी करतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करू नये असे कोणीही म्हणणार नाही. परंतु तिला कालमर्यादा असावी आणि सोबत उपजीविकेचा दुसरा मार्ग खुला असावा, एवढा विवेक विद्यार्थी आणि पालक या दोघांनीही बाळगणे आवश्यक आहे.

अध्यापन

देशातील शालेय शिक्षकांची संख्या २०२४-२५ मध्ये प्रथमच एक कोटीच्या वर गेली. कला आणि विज्ञान शाखांच्या पदवीधरांना, विशेषतः पदवीधर महिलांना, सामावून घेणारे हे एक मोठे क्षेत्र आहे. या क्षेत्रात प्रवेशाचे नियम मात्र वेळोवेळी बदलत गेले. शिक्षण हक्क कायद्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा आली. २०१५ पासून बी. एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवी या प्राथमिक वर्गांच्या शिक्षकपदासाठी बी. एड. ही पात्रता ग्राह्य धरता येणार नाही, असा निर्णय दिला. या वर्गांसाठी प्राथमिक शिक्षणाची पदविका आवश्यक ठरते. ज्यांनी केवळ प्राथमिक शिक्षक होण्यासाठी बी. एड. केले होते, त्यांना या निर्णयाचा फटका बसला. अभ्यासक्रम निवडताना अचूक माहिती मिळणे किती मोलाचे असते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

महाविद्यालयीन स्तरावर तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांचा प्रश्न वेगळा आहे. पदव्युत्तर पदवी आणि पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही अनेकांना तासांच्या हिशेबाने मिळणाऱ्या मानधनावर काम करावे लागते. ते बेरोजगारांत मोजले जात नाहीत. परंतु त्यांचा रोजगार त्यांच्या पात्रतेला साजेसा आहे, असेही म्हणता येत नाही.

बँका, विमा आणि वित्तीय सेवा

१९६९ आणि १९८० मधील बँक राष्ट्रीयीकरणानंतर शाखांचा विस्तार झाला आणि कोणत्याही शाखेच्या पदवीधराला लिपिक किंवा परिविक्षाधीन अधिकारी म्हणून प्रवेश मिळू लागला. २०११ पासून सार्वजनिक बँकांसाठी सामायिक परीक्षा सुरू झाल्याने प्रत्येक बँकेकडे स्वतंत्र अर्ज करण्याचा त्रास कमी झाला. पुढे संगणकीकरण, भ्रमणध्वनीवरील व्यवहार आणि बँकांचे विलीनीकरण यांमुळे या क्षेत्राचे स्वरूप बदलले. २०१७ मध्ये २७ असलेल्या सार्वजनिक बँकांची संख्या २०२० मध्ये १२ झाली. रोख मोजण्याचे आणि खातेवहीत नोंदी करण्याचे काम घटले. कर्जमूल्यमापन, विमा, म्युच्युअल फंड, वसुली आणि ग्राहकसेवा यांतील काम वाढले. जुलै २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर लागू झाल्यावर लहान व्यापाऱ्यांनाही नियमित विवरणपत्रे भरणे आवश्यक झाले आणि वाणिज्य पदवीधरांसाठी तालुक्याच्या बाजारपेठेतही हिशेब आणि करसल्ल्याचे काम निर्माण झाले. मोठ्या शहरात स्थलांतर न करता करता येण्याजोगे हे काम असल्याने त्याचे महत्त्व विशेष आहे.

माहिती तंत्रज्ञान आणि संलग्न सेवा

१९९१ नंतरच्या काळात पदवीधरांसाठी उघडलेले सर्वांत मोठे नवे क्षेत्र म्हणजे माहिती तंत्रज्ञान. नॅसकॉम या उद्योगसंघटनेच्या अंदाजानुसार २०२४-२५ मध्ये या उद्योगात सुमारे ५८ लाख लोक कार्यरत होते. बंगळुरू, हैदराबाद, पुणे, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली परिसरात बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली जागतिक क्षमता केंद्रे उभारली आहेत. २०२३-२४ मध्ये अशा केंद्रांची संख्या १,७०० हून अधिक होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करीत होते. या केंद्रांत अभियंत्यांबरोबरच लेखापाल, संख्याशास्त्रज्ञ आणि विधिज्ञ यांनाही स्थान आहे.

तथापि हे क्षेत्र सदैव वाढतच राहील, असे गृहीत धरता येत नाही. २०२३-२४ मध्ये काही मोठ्या कंपन्यांची एकूण कर्मचारीसंख्या घटली आणि महाविद्यालयीन परिसरात होणारी निवड मंदावली. ठरावीक साच्याचे काम यंत्राकडे सोपविणे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे सुलभ झाले असून नवागतांना पूर्वी दिले जाणारे प्राथमिक काम हे बहुधा याच प्रकारचे असते. त्यामुळे केवळ एखादी संगणकीय भाषा येणे पुरेसे ठरत नाही. विषयाचे ज्ञान, लेखन आणि संवादकौशल्य यांची जोड आवश्यक ठरते.

आरोग्य आणि उद्योग

आरोग्यसेवेत डॉक्टरांव्यतिरिक्त परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि क्ष-किरण तंत्रज्ञ अशा अनेक पदवीधरांची गरज असते. २०२१ च्या कायद्यान्वये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद झाली आणि या व्यवसायांच्या शिक्षणाला समान दर्जा देण्याचा मार्ग मोकळा झाला. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी परिचर्या महाविद्यालये स्थापन करण्याची घोषणा करण्यात आली. केरळातील परिचारिकांनी देशभरातील रुग्णालयांत आणि आखाती देशांत मिळविलेला लौकिक सर्वपरिचित आहे. त्याच केरळात २०२३-२४ मध्ये १५ ते २९ वयोगटातील बेरोजगारी २९.९ टक्के होती. शिक्षणाचा प्रसार आणि रोजगाराची उपलब्धता या दोन गोष्टी आपोआप जुळत नाहीत, याचे हे उदाहरण होय.

निर्मिती उद्योगाचा वाटा अद्याप मर्यादित आहे. २०२३-२४ मध्ये एकूण रोजगारापैकी ११.४ टक्के रोजगार या क्षेत्रात होता, तर शेतीत तो ४६.१ टक्के होता. कारखान्यातील जुळणीच्या कामासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र किंवा पदविका अधिक उपयोगी ठरते. सर्वसाधारण पदवीधराला तेथे गुणवत्ता तपासणी, भांडार, खरेदी, वाहतूक व्यवस्थापन आणि विक्री या विभागांत वाव असतो. परंतु या कामांची ओळख त्याला महाविद्यालयात क्वचितच होते.

शेतीपूरक व्यवसाय आणि स्वयंरोजगार

कृषी पदवीधरांसाठी २००२ साली सुरू झालेली कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्र योजना येथे उल्लेखनीय आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था, म्हणजेच ‘मॅनेज’, हिच्या देखरेखीखाली निवासी प्रशिक्षण दिले जाते, बँकेकडून कर्ज मिळते आणि नाबार्डमार्फत प्रकल्पखर्चाच्या ३६ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती तसेच ईशान्येकडील आणि डोंगराळ राज्यांतील उमेदवारांना ४४ टक्के अनुदान दिले जाते. माती परीक्षण, रोपवाटिका, अवजारे भाड्याने देणे, पशुसेवा असे व्यवसाय यातून उभे राहू शकतात. फेब्रुवारी २०२० मध्ये दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना स्थापन करण्याची योजना सुरू झाली. अशा संघटनेला हिशेब, प्रतवारी, साठवण आणि विक्री सांभाळणारा जाणकार व्यवस्थापक लागतो. गावातील पदवीधराला गावातच काम मिळण्याची ही एक नवी संधी आहे.

एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेतील कर्जमर्यादा आधीचे कर्ज फेडलेल्या उद्योजकांसाठी २०२४ मध्ये दहा लाखांवरून वीस लाख रुपये करण्यात आली. २०१६ च्या स्टार्टअप इंडिया उपक्रमांतर्गत २०२५ च्या आरंभापर्यंत दीड लाखांहून अधिक नवउद्योगांना मान्यता मिळाली. दुसरीकडे, ॲपवर आधारित वाहतूक आणि घरपोच सेवा यांमध्येही पदवीधर तरुण आढळतात. नीती आयोगाने २०२२ मध्ये अशा ‘गिग’ कामगारांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख अंदाजिली आणि २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होईल, असे म्हटले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत या कामगारांची प्रथमच कायदेशीर व्याख्या करण्यात आली. हे काम तात्पुरता आधार म्हणून उपयोगी असले, तरी त्यात पदवीच्या ज्ञानाचा वापर होत नाही आणि पुढील बढतीची पायरीही नसते.

प्रतीक्षा कमी करण्याचे उपाय

वरील आढाव्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पदवीधरांसाठी कार्यक्षेत्रे नाहीत असे नाही. पदवी आणि कार्यक्षेत्र यांच्यामध्ये पूल नाही. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालात सुमारे ५१ टक्के पदवीधरच रोजगारक्षम असल्याच्या मूल्यमापनाचा उल्लेख होता. उरलेल्यांना दोष देण्यापेक्षा त्यांना कामाचा अनुभव कोठे मिळणार होता, हा प्रश्न विचारणे अधिक योग्य ठरेल.

या दृष्टीने शिकाऊ उमेदवारीचे महत्त्व मोठे आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा असला, तरी अभियांत्रिकीव्यतिरिक्त अन्य शाखांच्या पदवीधरांना त्यात २०१४ च्या दुरुस्तीने स्थान मिळाले. २०१९ च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले आणि पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन नऊ हजार रुपये ठरविण्यात आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी आणि व्यवसायशिक्षण यांची सांगड घालण्यावर भर दिला. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारीचा समावेश करण्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. २१ ते २४ वयोगटातील तरुणांना मोठ्या कंपन्यांत बारा महिने अनुभव आणि दरमहा पाच हजार रुपये साहाय्य, असे तिचे स्वरूप होते.

राज्यांनीही वेगवेगळे प्रयोग केले. तमिळनाडूने २०२२ मध्ये ‘नान मुदल्वन’ या योजनेद्वारे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना कौशल्ये आणि मार्गदर्शन देण्याचे ठरविले. कर्नाटकाने जानेवारी २०२४ पासून ‘युवा निधी’ योजनेत बेरोजगार पदवीधरांना जास्तीत जास्त दोन वर्षे दरमहा तीन हजार रुपये देण्यास सुरुवात केली. महाराष्ट्राने २०२४ मध्ये कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना सहा महिन्यांसाठी दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन जाहीर केले. या तिन्हींमागील दृष्टी निरनिराळी आहे : पहिलीत पदवीपूर्व तयारी, दुसरीत प्रतीक्षाकाळातील आधार आणि तिसरीत पदवीनंतरचा अनुभव. प्रत्येकीला आपले स्थान असले, तरी अनुभव पदवी हाती येण्यापूर्वीच मिळाला, तर पुढील खर्च आणि निराशा दोन्ही टळू शकतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व रुजविले, त्यामागे श्रम आणि शिक्षण यांची फारकत होऊ नये हीच भूमिका होती.

महिला पदवीधरांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. पंधरा वर्षांवरील महिलांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांपर्यंत वाढला असला, तरी या वाढीचा मोठा भाग ग्रामीण भागातील स्वयंरोजगाराचा आहे. पदवीधर मुलीची प्रतीक्षा पुष्कळदा विवाहाने संपते, नोकरीने नव्हे. सुरक्षित वसतिगृह, भरवशाची वाहतूक आणि पाळणाघर या सोयी तिच्या बाबतीत प्रशिक्षणाइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

समारोप

पदवी हे ज्ञानार्जनाचे प्रमाणपत्र आहे. ते कोणत्याही पदाचे नियुक्तिपत्र नाही, ही गोष्ट विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षाच्या निकालानंतर नव्हे, तर पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळी समजली पाहिजे. त्यासाठी आपले विद्यार्थी पुढे कोठे गेले याची नोंद प्रत्येक महाविद्यालयाने ठेवावी आणि ती प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यांसमोर मांडावी. रिक्त शासकीय पदांची भरती ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे व्हावी, जेणेकरून अनिश्चिततेत वर्षे जाणार नाहीत. उद्योगांनी शिकाऊ उमेदवाराकडे स्वस्त मनुष्यबळ म्हणून न पाहता भावी सहकारी म्हणून पाहावे. तालुक्याच्या गावातील हिशेबनीस, रोपवाटिकाचालक किंवा परिचारिका यांच्या कामाला कार्यालयातील खुर्चीइतकीच प्रतिष्ठा द्यावी, ही जबाबदारी समाजाची आहे.

२०३५ पर्यंत उच्च शिक्षणातील एकूण नोंदणीचे प्रमाण ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ठेवले आहे. २०२१-२२ मध्ये ते २८.४ टक्के होते. हे उद्दिष्ट साध्य होईल तेव्हा पदवीधरांची संख्या आजच्यापेक्षा कितीतरी अधिक असेल. त्या वेळी पदवी आणि काम यांमधील अंतर आजइतकेच राहिले, तर शिक्षणाचा विस्तार हाच असंतोषाचे कारण ठरू शकेल. ते अंतर आताच कमी केले, तर घराण्यातील पहिल्या पदवीधराने घेतलेले कष्ट पुढच्या पिढीच्या उपयोगी पडतील आणि देशाच्या विकासालाही त्यातून बळ मिळेल.